बिऱ्हाड पाठीवर

विद्यार्थी मित्रांनो, कागदाच्या घरात राहणारे कुटुंब तुम्ही कधी पाहिले आहे का? कागदाचे घर म्हणजे खेळण्यातले घर नव्हे. माल बांधायचा जाड पुठ्ठा लाकडाच्या चौकटीवर ठोकून केलेले खरे घर. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट. जमीन मातीचीच, पण स्वच्छ झाडलेली. अंथरायला एक ओलसर, गोळे झालेली गादी आणि पांघरायला तीन जुन्या गोधड्या. त्यात आई, वडील आणि तीन मुले. १९३६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असे एक घर होते. पहिला पाऊस पडला की भिंतींचा लगदा होणार, हे त्या आईवडिलांना माहीत होते. तरीही त्या माऊलीने जमीन रोज झाडायची सोडली नव्हती.

त्या वर्षी एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस पाव विकायच्या जुन्या गाडीतून अशा वस्त्यांवर हिंडत होता. तो लोकांशी बोलत होता आणि पाहिलेले टिपून ठेवत होता. त्याचे नाव जॉन स्टाइनबेक. पुढे जगातील मोठ्या कादंबरीकारांत त्याची गणना झाली.

मराठीत एक म्हण आहे : विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. बिऱ्हाड म्हणजे घरसंसार. ज्याला एका जागी राहायला मिळत नाही, संसार बरोबर घेऊनच ज्याला गावोगाव हिंडावे लागते, त्याच्याविषयी ही म्हण वापरतात. स्टाइनबेक यांनी ज्या शेतमजुरांच्या कथा लिहिल्या, त्यांचे बिऱ्हाड असेच पाठीवर होते. या पाठात आपण या लेखकाचे चरित्र वाचणार आहोत.

जॉन स्टाइनबेक यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील सलिनास या गावी झाला. त्यांना तीन बहिणी होत्या, भाऊ नव्हता. वडील पिठाच्या गिरणीचे व्यवस्थापक होते, पुढे ते जिल्ह्याचे खजिनदार झाले. आई लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. त्यामुळे घरात पुस्तके होती आणि ती वाचून दाखवणारी माणसेही होती. लहानपणी जॉनला अक्षरांचा कंटाळा येई. पण साधारण नऊ वर्षांचा असताना त्याला राजा आर्थर आणि त्याच्या शूर सरदारांच्या गोष्टींचे पुस्तक भेट मिळाले. त्या पुस्तकाने जादू केली. दुबळ्याच्या बाजूने उभे राहणे हा खऱ्या वीराचा धर्म आहे, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हाच रुजली असावी.

सलिनासचे खोरे फार सुपीक आहे. तेथे भाजीपाला पिकतो आणि त्या काळी साखरेचे बीटही पिके. आपल्याकडे उसापासून साखर करतात, तशी तेथे तेव्हा बीटापासून करीत. शाळा-कॉलेजच्या वर्षांत जॉनने साखर कंपनीच्या शेतांवर मजुरी केली. तेथे त्याच्याबरोबर हिंडते मजूर काम करीत. कोणी मेक्सिकोतून आलेले, कोणी फिलिपाइन्समधून. एका शेतावरचे काम संपले की गाठोडे उचलायचे आणि दुसरीकडे जायचे. रात्री ते एकमेकांना आपल्या गावच्या गोष्टी सांगत. जॉन त्या ऐकत असे. पुढे त्याने जे लिहिले, त्याचा पहिला धडा त्याला या शेतांवर मिळाला.

१९१९ साली तो स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. त्याला आवडतील तेवढेच विषय तो शिके. मध्येच शिक्षण सोडून मजुरीला जाई. सहा वर्षे अशी गेली. १९२५ मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले आणि लेखक होण्यासाठी तो न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याने एका मोठ्या इमारतीच्या बांधकामावर काँक्रीट वाहून नेले, थोडे दिवस वर्तमानपत्रात बातमीदारी केली. पण कथा कोणी छापेना. अखेर तो हात हलवीत घरी परतला.

त्याची पहिली कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली. तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत महामंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले. १९३० साली जॉनचे कॅरोल हेनिंग यांच्याशी लग्न झाले. नवे जोडपे वडिलांच्या समुद्रकाठच्या छोट्या घरात राहू लागले. घरभाडे नव्हते. शिवाय वडील दरमहा पंचवीस डॉलर देत. तेवढ्यावर संसार चाले. मुलगा पोट भरण्याइतके कमवत नाही, याचा वडिलांनी बोभाटा केला नाही. मुलांनो, मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा वडिलांचा उल्लेख एका ओळीत संपतो. पण ते पंचवीस डॉलर नसते तर पुढची पुस्तके लिहिली गेली असती का, याचा विचार करा. १९३५ च्या मे महिन्यात वडील वारले. त्याच वर्षी मुलाच्या एका पुस्तकाला पहिले मोठे यश मिळाले. ते यश पुरते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता आपण ज्यांच्या कथा स्टाइनबेक यांनी लिहिल्या, त्यांच्याकडे वळू.

अमेरिकेच्या मध्यभागी ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस ही सपाट मैदानांची राज्ये आहेत. पूर्वी तेथे गवत होते. गवताची मुळे माती धरून ठेवत. शेतकऱ्यांनी गवत नांगरून काढले आणि गहू, कापूस लावला. १९३० नंतर पावसाने दगा दिला. सुकलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. धुळीची वादळे अशी उठत की भरदिवसा अंधार होई. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तर लोक काळा रविवार म्हणतात. पिके गेली, कर्ज वाढले. पुष्कळ शेतकरी कुळे होती; म्हणजे जमीन दुसऱ्याची, कष्ट यांचे. मालकांनी ट्रॅक्टर आणले. एक ट्रॅक्टर अनेक कुटुंबांचे काम करी. मग कुळांची गरज उरली नाही. जी जमीन आजोबांनी कसली, ती सोडून जा असा हुकूम आला.

जायचे कोठे? त्याच वेळी गावोगाव जाहिरातींचे कागद फिरत होते. कॅलिफोर्नियात फळे तोडायला माणसे हवीत, मजुरी चांगली, असे त्यांवर छापलेले असे. लोकांनी घरातले सामान मिळेल त्या भावाला विकले, मोडकळीला आलेली मोटार घेतली आणि भांडी, गाद्या, म्हातारी माणसे, मुले असे सगळे तीत भरून ते पश्चिमेकडे निघाले. दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे अशी कॅलिफोर्नियात आली.

तेथे काय झाले? येथे थोडे गणित करा. समजा, एका बागेत आठशे मजूर हवे आहेत. मालक पाच हजार कागद छापतो. ते वीस हजार माणसे वाचतात आणि त्यांतली दोन-तीन हजार निघून येतात. उपाशी मुले बरोबर आहेत. मग एकजण म्हणतो, मी कमी पैशांत काम करीन. दुसरा त्याहून कमी सांगतो. शेवटी फक्त भाकरीवर काम करायला माणूस तयार होतो. मालकाला कोणावर जबरदस्तीही करावी लागत नाही. भूकच ते काम करते. हे गणित स्टाइनबेक यांनी पुढे आपल्या कादंबरीत मांडले आहे. कोणत्याही देशातल्या हिंडत्या मजुराची मजुरी का वाढत नाही, हे त्यावरून कळते.

गावातले लोक या नव्या माणसांना ‘ओकी’ म्हणून हिणवत. ओकी म्हणजे ओक्लाहोमाचा. शब्द साधा, पण तो शिवीसारखा वापरला जाई. शाळेत मुले त्यांच्या फाटक्या कपड्यांना हसत. हंगाम संपला की कुटुंब पुढे जाई, म्हणून मुलांची शाळा मध्येच सुटे.

१९३६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने स्टाइनबेक यांना या मजुरांवर लेख लिहायला सांगितले. तेव्हा ते आर्व्हिन गावाजवळच्या सरकारी छावणीत गेले. छावणीचे व्यवस्थापक होते टॉम कॉलिन्स. या माणसाला मजुरांविषयी मनापासून आदर होता. छावणीत तंबू होते, पण स्वच्छ पाणी होते, न्हाणीघर होते. तेथला कारभार मजुरांनी निवडलेल्या समित्याच पाहत. कॉलिन्स आपले अहवाल बारकाईने लिहीत : लोक काय खातात, कसे बोलतात, कोणती गाणी गातात, कशाला घाबरतात. ते सर्व त्यांनी स्टाइनबेक यांच्यापुढे ठेवले. दोघे मिळून वस्त्यांवर हिंडले. ऑक्टोबर १९३६ मध्ये सात लेख प्रसिद्ध झाले. पाठाच्या सुरुवातीचे कागदाचे घर त्यांतलेच आहे.

याच काळात स्टाइनबेक यांनी मजुरांवर दोन कादंबऱ्याही लिहिल्या. ‘इन ड्यूबियस बॅटल’ ही सफरचंद तोडणाऱ्या मजुरांच्या संपाची कथा १९३६ मध्ये आली. ‘ऑफ माइस अँड मेन’ ही छोटी कादंबरी १९३७ मध्ये आली. तिच्यात दोन मजूर मित्र आहेत. आपली स्वतःची थोडी जमीन असावी, तिच्यावर छोटे घर असावे, ससे पाळावेत, एवढेच त्यांचे स्वप्न. तेही पुरे होत नाही. या पुस्तकाच्या हस्तलिखिताची गंमत ऐका. निम्मे लिहून झाले असताना घरातल्या कुत्र्याच्या पिल्लाने कागद फाडून टाकले. दोन महिन्यांचे काम वाया गेले. स्टाइनबेक यांनी पिल्लाला फारसे रागावले नाही. ते पुन्हा लिहायला बसले.

१९३८ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अतिशय पाऊस झाला. विसालिया गावाजवळ मजुरांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे चिखलात अडकली. काम नाही, अन्न नाही, औषध नाही. स्टाइनबेक टॉम कॉलिन्स यांच्याबरोबर तेथे गेले. मुले आजाराने आणि भुकेने मरताना त्यांनी पाहिली. या दुःखावर लेख लिहून पैसा मिळवणे त्यांच्या मनाला पटेना. रागाने ते पेटले होते.

त्या रागाच्या भरात त्यांनी एक कादंबरी लिहिली. सलिनासमध्ये १९३६ साली झालेला मजुरांचा संप तेथल्या बड्या लोकांनी मोडून काढला होता. त्या बड्यांची या कादंबरीत त्यांनी भरपूर टिंगल केली. पुस्तक पुरे झाले. प्रकाशक ते छापायलाही तयार होता. तेव्हा स्टाइनबेक यांनी ते पुन्हा वाचले आणि मे १९३८ मध्ये नष्ट करून टाकले.

असे का केले असेल? ज्यांचा राग आला त्यांना या पुस्तकाने टोचले असते, पण चिखलात बसलेल्या आईचे दुःख वाचणाऱ्याला कळले नसते. लोकांनी एकमेकांचा द्वेष करावा, यासाठी आपण लिहीत नाही, असे त्यांना वाटले. कुत्र्याने फाडलेले पुस्तक पुन्हा लिहिणे सोपे होते. आपल्या हाताने लिहिलेले, छापायला तयार असलेले पुस्तक स्वतःच रद्द करणे अवघड. मुलांनो, रागात लिहिलेली चिठ्ठी न देता फाडून टाकणे किती कठीण असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. येथे तर आख्खी कादंबरी होती.

लगेच त्यांनी नवे पुस्तक सुरू केले. रोज ठरवून सुमारे दोन हजार शब्द ते लिहीत. अक्षर फार बारीक. कॅरोल तो मजकूर टंकयंत्रावर उतरवीत. शेजारी बांधकामाची ठोकठोक चाले. रोजनिशीत ते रोज स्वतःवर शंका घेत, आपल्याला हे जमणार नाही असे लिहीत आणि पुन्हा कामाला लागत. पाच महिन्यांत, २६ ऑक्टोबर १९३८ रोजी पुस्तक पुरे झाले. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ हे नाव कॅरोल यांनी सुचवले. त्याचा अर्थ ‘क्रोधाची द्राक्षे’. पुस्तक १४ एप्रिल १९३९ रोजी प्रसिद्ध झाले. काळ्या रविवारला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. ते पत्नी कॅरोल आणि टॉम कॉलिन्स या दोघांना अर्पण केले आहे.

या कादंबरीत जोड नावाचे कुटुंब आहे. आजी-आजोबा, आई-वडील, काका आणि मोठी-लहान मुले. जमीन गेल्यावर हे कुटुंब जुनी मोटार घेऊन निघते. सुमारे दीड हजार मैलांचा प्रवास. माती सोडताना आजोबांचा जीव तुटतो आणि पहिल्याच रात्री ते मरण पावतात. दफनाला पैसे नाहीत. रस्त्याच्या कडेला त्यांना पुरावे लागते. वाळवंट ओलांडताना आजीही जाते. आई रात्रभर तिच्या प्रेताजवळ पडून राहते आणि कोणाला कळू देत नाही, कारण गाडी अडली तर सगळे कुटुंब वाळवंटात अडकेल.

कॅलिफोर्नियात पोलीस त्यांना एका जागी टिकू देत नाहीत. काही दिवस सरकारी छावणीत त्यांना आसरा मिळतो. तेथली धाकटी भावंडे पहिल्यांदाच पाण्याचे संडास पाहतात. साखळी ओढताच पाणी धो धो वाहते आणि आपण काहीतरी मोडले, या भीतीने ती घाबरून जातात. हे वाचताना आधी हसू येते. मग लक्षात येते की, या मुलांना चांगली वस्तूसुद्धा भीतीच दाखवते.

पुढे एका बागेत पीच नावाची फळे तोडण्याचे काम मिळते. पेटीला पाच सेंट. हे कुटुंब जिवाच्या आकांताने पेट्या भरते. नंतर कळते की, बाहेर मजुरांचा संप चालू आहे आणि संप मोडण्यासाठीच आपल्याला आणले आहे. संप मोडताच मजुरी अडीच सेंट होते. शेवटी पूर येतो. मोठ्या मुलीचे बाळ जन्मतःच मृत असते. गोठ्यासारख्या एका कोठारात ही मंडळी आसरा घेतात. तेथे एक अनोळखी माणूस उपासमारीने मरायला टेकला आहे. जिने नुकतेच आपले बाळ गमावले, तीच मुलगी त्या परक्या माणसाचा जीव वाचवते. येथे कादंबरी संपते. पुढे त्या कुटुंबाचे काय झाले, लेखक सांगत नाही.

या सगळ्या कथेत घर सावरून धरणारी व्यक्ती म्हणजे आई. घर नाही, गाव नाही, पण तिने चूल पेटवली की तेथे घर होते. वस्तीतली उपाशी परकी मुले चुलीभोवती उभी राहतात तेव्हा तिच्यापुढे प्रश्न पडतो. आपल्याच मुलांना पुरत नाही. यांना काय द्यावे? ती सगळे देऊ शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. भांड्याच्या तळाचे ती त्यांच्यापुढे ठेवते. बातमीत तीन लाख हा आकडा असतो. तो वाचून आपण पान उलटतो. या आईला मात्र वाचणारा विसरत नाही.

पुस्तकाची खळबळ मोठी झाली. १९३९ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी तीच होती. पण बागाईतदारांच्या संघटनेने हे सगळे खोटे आहे असा गिल्ला केला. लेखकाला धमक्या आल्या. ज्या केर्न जिल्ह्यात कथेचा बराच भाग घडतो, तेथल्या मंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये ठराव करून शाळांतून व वाचनालयांतून हे पुस्तक काढायला लावले. पुस्तकाची प्रत जाहीरपणे जाळण्यातही आली. जिल्ह्याच्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या बंदीला विरोध केला. नोकरी जाण्याची भीती असताना त्यांनी हे केले, हे लक्षात ठेवा. १९४१ च्या सुरुवातीला बंदी उठली.

एप्रिल १९४० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी मजुरांच्या वस्त्या स्वतः जाऊन पाहिल्या. पुस्तकात अतिशयोक्ती आहे असे आपल्याला कधी वाटले नाही, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. अमेरिकेच्या संसदेच्या एका समितीने कॅलिफोर्नियात येऊन शेतमजुरांच्या तक्रारींची चौकशी केली. १९४० मध्ये कादंबरीवर चित्रपट निघाला आणि तिला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. पारितोषिकाचे एक हजार डॉलर स्टाइनबेक यांनी आपल्या एका मित्राला दिले. त्यालाही पुस्तक लिहायचे होते आणि नोकरीमुळे सवड नव्हती.

त्याच साली आर्व्हिनच्या छावणीशेजारी लिओ हार्ट या शिक्षणाधिकाऱ्याने ओकी मुलांसाठी शाळा उभी केली. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून ती बांधली. मुलांनी तेथे पोहण्याचा तलावही खणला. ज्यांना पूर्वी वर्गात मागे, जमिनीवर बसावे लागे, त्यांच्या शाळेत आता गावातली मुले नाव घालू लागली.

पण मुलांनो, एका पुस्तकाने सगळे बदलले, असे मी तुम्हांला सांगणार नाही. ते खरे ठरणार नाही. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. त्यातून शेतमजूर वगळले होते. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही ते वगळले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे कारखाने सुरू झाले आणि ओकी लोकांना तेथे कामे मिळाली. शेतांवरची त्यांची जागा मेक्सिकोतून आणलेल्या मजुरांनी घेतली. माणसे बदलली, पण कष्ट तेच राहिले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेलानो गावी फिलिपिनी मजुरांनी द्राक्षाच्या मळ्यांत संप केला. मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. पाच वर्षे झुंज दिल्यावर मालकांनी करार केले. शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९७५ मध्ये झाला.

या कादंबरीची एक उणीवही सांगायला हवी. तिच्यात ओक्लाहोमाहून आलेले गोरे मजूर आहेत. ज्या मेक्सिकन आणि फिलिपिनी मजुरांबरोबर लेखकाने तरुणपणी काम केले होते, ते तिच्यात जवळजवळ दिसत नाहीत. आणखी एक गोष्ट. सनोरा बॅब नावाची एक तरुण लेखिका १९३८ मध्ये त्याच छावण्यांत टॉम कॉलिन्स यांच्या हाताखाली मजुरांसाठी राबत होती. तिनेही या लोकांवर कादंबरी लिहिली. पण स्टाइनबेक यांचे पुस्तक इतके गाजले की, त्याच विषयावर दुसरे पुस्तक चालणार नाही असे प्रकाशकाला वाटले आणि त्याने ते छापले नाही. तिची कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती सत्त्याण्णव वर्षांची होती. एकाची कथा जगाला ऐकू जाते, तेव्हा दुसऱ्या कोणाची कथा पेटीत पडून राहिलेली असू शकते.

स्टाइनबेक यांनी पुढे पुष्कळ लिहिले. महायुद्धात ते युद्धवार्ताहर होते. आपल्या गावच्या खोऱ्यावरची ‘ईस्ट ऑफ ईडन’ ही मोठी कादंबरी १९५२ मध्ये आली. १९६२ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएतनाम युद्धाविषयीच्या त्यांच्या लेखांमुळे अनेक चाहते त्यांच्यावर नाराजही झाले. २० डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सलिनासला आणून आईच्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आहेत. ज्या गावाने त्यांच्यावर राग धरला होता, त्याच गावच्या सार्वजनिक वाचनालयाला आज त्यांचे नाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ‘मजूर’ आणि ‘हक्क’ हे दोन शब्द तुम्हांला मराठीत शिकवावे लागत नाहीत. उर्दूत ते तुमच्या घरचेच आहेत. फारसी-अरबीतून ते मराठीत आले आणि येथेच राहिले. पण पहिला शब्द ज्याच्यासाठी वापरतो, त्याला दुसरा मिळतो का, हे पाहणे आपल्याकडे आहे.

आपल्या महाराष्ट्रातही बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडणीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची खोपी हेच सहा महिने घर. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. आम्ही शिक्षक हजेरी घेतो तेव्हा दिवाळीनंतर काही नावांपुढे उत्तर येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ती मुले परत येतात. तोवर भागाकार पुढे गेलेला असतो, धडे पुढे गेलेले असतात, बाकावर दुसरे कोणी बसलेले असते.

असा मुलगा किंवा अशी मुलगी तुमच्या वर्गात परत आली, तर थोडे सरकून जागा करा. वही द्या. ते कोठे गेले होते, तेथे घर कसे होते, हे विचारा आणि पुरते ऐकून घ्या. स्टाइनबेक यांनीही सुरुवात एवढ्यानेच केली होती.